आधी स्वतःचं नाव

आमच्या जिन्याच्या दाराला आतल्या बाजूने एक कागद चिकटवलेला आहे. दिवाळीआधी रंगारी आला तेव्हा त्याने विचारलं, खरवडून काढू का? मी म्हटलं, दार सोड, बाकीचं रंगव. त्याला वाटलं असेल, म्हातारी काहीतरी पूजेचं जपते आहे. तो पूजेचा कागद नाही. कॉलेजातल्या एका विषयाचे नियम आहेत त्यावर. मी चौथीपर्यंत शिकले आणि त्या विषयातलं मला काही कळत नाही. पण अक्षर मोठं आहे, आणि गच्चीवर वाळवण घालायला जाता-येता तो डोळ्यांसमोर येतो. म्हणून तो पाठ झाला.

तो कागद वैजयंती मॅडमनी चिकटवला. त्या आमच्या वरच्या खोलीत राहायच्या आणि सिन्नरच्या रस्त्याला एका कॉलेजात शिकवायच्या. विषयाचं नाव जबाबदार एआय. एआय म्हणजे काय असं मी विचारलं तेव्हा आधी म्हणाल्या, माणसासारखा विचार करणारं यंत्र. मग स्वतःच मान हलवून म्हणाल्या, विचारबिचार काही करत नाही मावशी, मागचं बघून पुढचं सांगतं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या सासूसारखं. त्या हसल्या आणि पुढे तेच वर्गात सांगायला लागल्या. माझं नाव घेऊन सांगायच्या. दुसऱ्याचं वाक्य आपलं म्हणून खपवायचं नाही, हा त्यांच्या कागदावरचा पहिलाच नियम होता.

खोली बघायला आल्या तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. काटकुळं अंग, कापलेले केस, खांद्याला कापडी पिशवी. मी विचारलं, नवरा? म्हणाल्या, नाही. मी विचारलं, वारला की सोडला? म्हणाल्या, केलाच नाही. मला असं उत्तर चालतं. मग मी पाण्याची वेळ, गच्चीची वेळ सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, आता माझं ऐका. मी दूध उतू घालवते. फोनवर मोठ्याने बोलते. सणाला गोड करत नाही, तुम्ही वाटी पाठवलीत तर ती रिकामी परत येईल. आणि शेवटी म्हणाल्या, "मला काढायचं असेल त्या दिवशी तुम्ही स्वतः तोंडावर सांगा. मुलाकडून निरोप नको."

मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात, जिना सारखा चढवत नाही.

"मग खालून हाक मारा. मी उतरेन. पण तोंडावर."

माणूस राहायला यायच्या आधीच जायचं कसं ते ठरवतंय, हे मला विचित्र वाटलं. पण खोली दिली.

त्या मूळच्या सटाण्याकडच्या. एरवी बोलणं शहरातलं, पण राग आला की बागलाणची बोली बाहेर यायची. ‘जबाबदार कोन शे?’ म्हणजे जबाबदार कोण आहे, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गल्लीत नळाला पाणी आलं नाही, कोन शे? बस थांब्यावर थांबली नाही, कोन शे? वीज गेली की वर अंधारात त्यांचा आवाज यायचा आणि खाली आमचा मुलगा म्हणायचा, आई, मॅडमनी एकलहऱ्याला जाब विचारला बघ. आमचे हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला होते. ते असते तर त्यांचं आणि मॅडमचं रोज भांडण झालं असतं.

एकदा रेशन दुकानात माझा अंगठा उमटेना. धुणीभांड्याने बोटं झिजली, त्यात नवल नाही. दुकानदार म्हणाला, आजी, मशिन घेत नाही, पुढच्या महिन्यात बघू. मी पिशवी गुंडाळून परत आले. मॅडम जिन्यात भेटल्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला तशाच परत घेऊन गेल्या. दुकानदाराला म्हणाल्या, मशिन घेत नाही असं म्हणू नकोस. मशिनला दुकान नाही, दुकान तुझं आहे. तू हिला धान्य देत नाहीस. तसं म्हण. तो म्हणाला, मॅडम, मी कुठं नाही म्हणतोय? म्हणाल्या, मग दे. मग नोंद करायचा दुसरा मार्ग त्याला आठवला. मार्ग होताच. कुणी समोर उभं राहून विचारेपर्यंत त्याला तो आठवायचं कारण नव्हतं, एवढंच.

परत येताना मी म्हटलं, तुम्ही भांडखोर आहात. त्या म्हणाल्या, भांडायला समोर माणूस आहे तोवर बरं आहे मावशी. तेव्हा मला ते नुसतंच बोलणं वाटलं.

विषय नव्या पोरांना सुरू होणार असला की आदल्या दिवशी त्या गच्चीवर फेऱ्या मारत कागदावरचे नियम मोठ्याने म्हणायच्या. यंत्राची मदत घेतली तर घेतली असं लिहा. लपवलीत तर तेवढ्या भागाला शून्य. उशीर होणार असेल तर आधी येऊन सांगा. कारण नसलं तरी चालेल, खोटं नको. ज्यावर तुमचं नाव त्याचा जाब तुम्ही द्यायचा. यंत्राने लिहिलं हे उत्तर मी धरणार नाही. यंत्राच्या सांगण्यावरून कुणाला नाकारायचं असेल तर त्या माणसासमोर उभं राहा आणि तोंडाने नाकारा. दुसऱ्यावर यंत्र चालवण्याआधी त्यात स्वतःचं नाव घाला. जे बनवलं ते चौथी शिकलेल्या माणसाला समजावून सांगता आलं पाहिजे.

ते चौथी शिकलेलं माणूस म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं. एका रविवारी सकाळी मी ओट्यावर मेथी निवडत बसले होते, तर पोरं येऊन समोर उभी. मॅडम म्हणाल्या, तुम्ही काही करायचं नाही, फक्त कळलं किंवा नाही कळलं एवढं सांगायचं. मग दरवर्षी ते सुरूच राहिलं. पोरं त्याला आजींचा पेपर म्हणायची. एक मुलगा पानावरचा रोग ओळखणाऱ्या यंत्राबद्दल सांगत होता. मी नाही कळलं म्हटलं की तो तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणायचा. शेवटी मी म्हटलं, ऐकू येतं मला, कळत नाही. बाकीची पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्याला म्हणाल्या, पुढच्या रविवारी परत ये. तो आला, तेव्हा त्याने डाळिंबाची रोगट पानं पिशवीत घालून आणली आणि मला समोर धरून दाखवली. मला कळलं. मेथीही निवडून झाली.

मॅडमची नोकरी कायमची नव्हती. दरवर्षी उन्हाळ्यात ती पुढच्या वर्षासाठी नव्याने मिळायची. त्याचं त्यांना फार वाटत नसे. मिळत आली होती, मिळत राहील, असं त्या धरून चालल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच नोकरीवर आलं.

मग कॉलेजने एक यंत्र घेतलं. पोरगं फाटकात बोट कधी लावतं, वाचनालयात किती बसतं, गावी कितीदा जातं, फोन कुठे असतो, फी कधी भरतं, हे सगळं ते गोळा करायचं आणि प्रत्येकाच्या नावापुढे रंग द्यायचं. हिरवा, पिवळा, लाल. लाल म्हणजे हे पोरगं शिक्षण अर्ध्यावर सोडून जाणार. घेताना सांगितलं होतं की लाल पोरांकडे जास्त लक्ष देता येईल. लक्ष दिलंच. वसतिगृहात खोल्या कमी आणि मागणारे जास्त, तेव्हा सगळ्यांच्या आधी लाल पोरांच्या खोल्या गेल्या. जो जाणारच आहे त्याला खोली कशाला?

त्यात मॅडमच्या वर्गातली जयश्री नावाची एक मुलगी होती, सुरगाण्याकडची. बाप आजारी, म्हणून ती सारखी गावी जायची. गाव डोंगरात, तिथे फोन लागत नाही. यंत्राच्या लेखी ती पोरगी अधूनमधून नाहीशीच व्हायची. तिला लाल रंग मिळाला आणि खोली गेली. तिला कुणी बोलावून सांगितलं नाही. फळ्यावर नावं लागली, त्यात तिचं नव्हतं.

मॅडम तिला ट्रंकेसकट घरी घेऊन आल्या. मला हाक मारून म्हणाल्या, ही माझ्याबरोबर राहील. चालणार नसेल तर आत्ता सांगा. मी म्हटलं, पाणी दोघींत पुरवा.

दुसऱ्या दिवसापासून त्या कॉलेजात विचारत फिरल्या. वसतिगृहाचा कारकून म्हणाला, वरून आलं. प्राचार्य म्हणाले, सिस्टीमने दाखवलं. यंत्राच्या कंपनीचा माणूस म्हणाला, आम्ही फक्त रंग दाखवतो, खोली द्यायची की नाही ते कॉलेज ठरवतं. कुणी खोटं बोललं नाही आणि कुणी वाईटही बोललं नाही. प्राचार्यांनी तर चहा मागवला. संध्याकाळी मॅडम ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, मावशी, आज दिवसभरात मला एकसुद्धा माणूस सापडला नाही.

तेव्हा त्यांनी ते केलं, जे त्यांच्याशिवाय दुसरं कुणी केलं नसतं. त्यांचा नियमच होता, आधी स्वतःचं नाव. त्यांनी वर्गात प्राचार्यांना बोलावलं, कंपनीच्या माणसाला बोलावलं, पोरं होतीच. म्हणाल्या, पोरांना रंग देता, तर शिकवणाऱ्यांनाही द्या. कोण मास्तर नोकरी सोडणार ते सांगतं का तुमचं यंत्र? कंपनीचा माणूस म्हणाला, सांगतं मॅडम, ती सोय आहे आत, कॉलेजने अजून चालू केलेली नाही. मॅडम म्हणाल्या, चालू करा आणि पहिलं नाव माझं घाला.

नाव घातलं. लाल आलं.

जयश्रीने मला सांगितलं, सगळा वर्ग हसला, मॅडमही हसल्या, प्राचार्यसुद्धा हसले. मग मॅडमनी पोरांना विचारलं, मला लाल का दिलं असेल, ओळखा. पोरांनी एकेक काढलं. एकट्या आहेत. भाड्याने राहतात. नोकरी दरवर्षाची आहे. आईला बघायला सारख्या सटाण्याला जातात. आधी दोन ठिकाणच्या नोकऱ्या सोडल्यात. सगळं खरं होतं. मॅडम म्हणाल्या, सगळं खरं आहे, आणि मी इथून कुठेही जाणार नाही. बघा, खऱ्या गोष्टी जोडून खोटं कसं तयार होतं.

पोरांना ते फार पटलं. प्राचार्यांनाही पटल्यासारखं दिसलं, कारण आठवड्याच्या आत जयश्रीला खोली परत मिळाली. ट्रंक खाली उतरवली त्या दिवशी मॅडम जिलेबी घेऊन आल्या. सणालाही गोड न करणारी बाई. मला म्हणाल्या, मावशी, मी लाल आहे, माझ्यापासून जपून राहा.

मी विचारलं, मग ते बंद केलं का?

"काय?"

"तुमच्यासाठी चालू केलेलं. मास्तरांचं."

त्यांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली. म्हणाल्या, उद्या विचारते. विचारलंही असेल. ते बंद झालं नाही.

पुढचं वर्ष हळूहळू सरकलं. कुणी काही काढून घेतलं नाही, फक्त दिलं नाही. नव्या सत्राच्या वेळापत्रकात त्यांचे तास कमी आले. विचारलं तर उत्तर मिळालं की तुम्ही मध्येच गेलात तर पोरांचं नुकसान नको. त्यांच्या विषयाला जोडीला एक तरुण शिक्षक दिला, तुम्ही असा नसा, कुणालातरी माहीत असलेलं बरं, म्हणून. प्रयोगशाळेची नवी किल्ली बनली ती त्याच्याकडे गेली. तो मुलगा चांगला होता. मॅडमच्या पाया पडायचा आणि विचारायचा, मॅडम, पुढे कुठे बघताय? त्या म्हणायच्या, कुठेच नाही. तो समजल्यासारखी मान हलवायचा. सांगायचं नसेल त्यांना, असं त्याला वाटायचं.

सगळे फार जपून वागायला लागले. घरात दुखणेकऱ्याशी वागतात तसं. मला ते बोलणं त्यांच्याकडूनच कळायचं. माझ्या आईला शेवटी असंच जपायचे सगळे. तिच्यासमोर पुढच्या वर्षाचं कुणी काही बोलत नसे.

त्याच दिवसांत जयश्रीची आजींच्या पेपराची पाळी आली. पोरगी आता हिरवी झाली होती. मॅडमनी विचारलं, हिरवी कशी झालीस ते आजींना सांग. ती खाली बघत म्हणाली, मी गावी जाते तेव्हा फोन मैत्रिणीकडे ठेवते. ती तो वाचनालयात घेऊन बसते. यंत्राला वाटतं मी वाचतेय.

मला लगेच कळलं. लाल होती तेव्हा यंत्राला दिसायचं ते खरं होतं. आता हिरवी झाली ती गैरहजर असताना हजर दिसून.

मॅडमनी तिला लपवल्याबद्दल तेवढ्या भागाला शून्य दिलं. जिच्यासाठी एवढं केलं तिलाच. पोरगी रडकुंडीला आली. म्हणाली, मॅडम, मी खरं सांगितलं तरी? त्या म्हणाल्या, खरं सांगितलंस म्हणून फक्त तेवढंच. नियम तुझ्यासाठी वाकवला तर माझ्यात आणि त्या कारकुनात फरक काय राहिला?

जयश्री डोळे पुसून तिथेच बसून राहिली. मग म्हणाली, "तुम्हीपण हिरव्या व्हा ना मॅडम. उन्हाळ्यापर्यंत तरी. रजा घेऊ नका, आईकडे जाऊ नका, सगळ्या मीटिंगांना बसा. सगळे सर तेच करतात आता."

मॅडम म्हणाल्या, "आणि मग जी नोकरीत राहील ती कोण असेल?"

पोरगी आपली पिशवी आवरायला लागली. मला उत्तर देता आलं असतं. नोकरी असेल, पगार असेल, म्हातारपणाला आधार असेल. पण मला कळलं किंवा नाही कळलं, या दोनच गोष्टी बोलायची परवानगी होती, आणि त्या दिवशी दोन्हीतली कुठली खरी ते ठरेना.

त्या थंडीत माझ्या लक्षात एक गोष्ट आली आणि ती मला सगळ्यात वाईट वाटली. मॅडम बदलत होत्या. आणलेली पुस्तकं खोक्यातून बाहेर काढत नव्हत्या. गच्चीतलं कढीपत्त्याचं रोप वाळलं तर दुसरं लावलं नाही. भिंतीतला खिळा निघाला होता, मुलगा म्हणाला ठोकून देतो, तर म्हणाल्या, राहू द्या, कशाला. संध्याकाळी गच्चीच्या कठड्याशी उभ्या राहून एकलहऱ्याच्या धुरांड्यांवरच्या लाल दिव्यांकडे बघत राहायच्या. मी एकदा सरळ विचारलं, जाताय का तुम्ही?

म्हणाल्या, नाही.

पण बोलण्याआधी थांबल्या. पूर्वी थांबत नसत. त्यांनाही ते कळलं. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, मावशी, सगळे रोज मला जाणारी म्हणून बघतात. सकाळी आरशात बघताना मलाच क्षणभर तसं वाटतं. मग त्या यंत्राने काय चूक केली?

मी म्हटलं, जेवून घ्या. दुसरं काय म्हणणार?

उन्हाळ्यात त्यांच्या फोनवर निरोप आला. पुढील वर्षासाठी आपल्या सेवेची आवश्यकता नाही. खाली लिहिलं होतं, हा संदेश आपोआप पाठवला आहे, कृपया उत्तर देऊ नये. त्यांनी मला वाचून दाखवलं. खाली नाव कुणाचं, मी विचारलं. म्हणाल्या, नाव नाही.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला तयार होऊन कॉलेजात गेल्या आणि प्राचार्यांच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावर बसल्या. नोकरी परत मागायला नाही, हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. फक्त कुणीतरी समोर येऊन म्हणावं, वैजयंतीबाई, मी तुम्हाला काढलं. मग मी जाते. शिपायाने पाणी आणून दिलं. शिक्षक नमस्कार करून पुढे गेले. प्राचार्य दुसऱ्या दाराने आले आणि दुसऱ्या दाराने गेले. संध्याकाळी मी विचारलं, सांगितलं कुणी? त्या नुसतं नाही म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. असं बरेच दिवस चाललं. गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, डोक्यावर परिणाम झालाय. मीही त्यांना म्हटलं, कशाला बसता, पाठीला रग लागते. त्या म्हणाल्या, एका माणसाने एक वाक्य बोलायचंय मावशी. एवढं अवघड नसतं.

मग एके दिवशी त्या सकाळी गेल्या आणि लगेच परत आल्या. मी ओट्यावर होते. त्या पायरीवर बसल्या, चपला तशाच. म्हणाल्या, फाटक उघडलं नाही. बोट लावलं तर लाल दिवा. रखवालदार रोज सलाम करणारा. तो म्हणाला, मॅडम, मशिन घेत नाही.

मला रेशनचं दुकान आठवलं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"बरं म्हटलं. आणि आले."

त्या बाईला मी वीजवाल्याशी, बसवाल्याशी, दुकानदाराशी, माझ्याशी भांडताना बघितलं होतं. त्यांचा हात हातात घेऊन मी बोट बघितलं. चांगलं होतं. झिजलेलं नव्हतं.

पुढे जयश्री भेटायला आली तेव्हा तिने एक सांगितलं. कंपनीचा माणूस दुसऱ्या कॉलेजला यंत्र दाखवायला गेला होता, तिथे तिची मैत्रीण शिकते. त्याने पडद्यावर ठिपके दाखवले. नावं नव्हती. म्हणाला, शिक्षकांमध्ये पहिला लाल ठिपका आमच्या यंत्राने वर्षभर आधी दाखवला होता, आणि ती व्यक्ती खरोखर गेली. तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. जयश्री हे मॅडमना सांगायला आली होती, पण वर गेलीच नाही. मला सांगून खालूनच परत गेली.

मॅडम सटाण्याला भावाकडे निघाल्या. सामान थोडंच होतं, खोकी बांधलेलीच होती. जुन्या सीबीएस बसस्थानकावर जायला गाडी बोलावली. ड्रायव्हर कोवळा पोरगा, समोर फोन लावलेला. मी त्याला आधीच सांगितलं, डाव्या गल्लीत जाऊ नको बाबा, गटारासाठी खोदून ठेवलंय, उजवीकडून जा. तो म्हणाला, मॅप डावीकडून दाखवतोय आजी. मी म्हटलं, मी इथेच राहते. तो हसला.

मॅडम किल्ली द्यायला माझ्यासमोर आल्या. आपल्यात निघताना येते म्हणतात आणि मागे राहणारा या म्हणतो. जा म्हणत नाहीत, मयताच्या घरीसुद्धा म्हणत नाहीत. त्यांनी येते म्हटलं नाही. किल्ली माझ्या हातात ठेवली आणि तो हात तसाच धरून म्हणाल्या, "मावशी, तुम्ही मला जा म्हणा."

मला आधी समजलं नाही. त्या म्हणाल्या, "कुणीतरी म्हणायला हवं ना. तोंडावर. तुम्ही म्हटलंत की झालं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बाई थकली होती. एक शब्द म्हटला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, हे मला दिसत होतं. पण जिन्याच्या दारावरचा कागद त्यांनीच लावलेला होता आणि तो मला पाठ होता. ज्याने नाकारलं, त्यानेच समोर उभं राहून तोंडाने म्हणायचं.

मी म्हटलं, "मी नाही काढलं तुम्हाला. मी नाही म्हणणार."

त्यांनी हात सोडला. मान हलवली. रागावल्या की काय, ते मला आजही सांगता येत नाही. गाडीत बसल्या आणि गाडी डाव्या गल्लीत वळली.

मी फाटकातच उभी राहिले. गाडी परत येणार हे मला माहीत होतं. थोड्या वेळाने ती उलटी उलटी सरकत गल्लीतून बाहेर आली. ड्रायव्हर मान वळवून मागे बघत होता आणि त्याच्या समोरचा फोन अजून पुढे जा, पुढे जा म्हणत होता. मॅडम मागच्या सीटवर खिडकीशी होत्या. काच खाली होती. मला वाटलं, आता बोलतील. कोन शे म्हणतील, निदान त्या पोराला तरी.

त्या सरळ समोर बघत बसल्या होत्या. गाडी माझ्या समोरून मागे मागे गेली, वळली, आणि उजव्या रस्त्याने निघून गेली.